'बा' आणि 'रा'

जळोचीच्या त्या घरात गेला महिनाभर एका विषयावर बोलायचे नाही असे ठरले होते, आणि वाद घातल्यावाचून ज्यांना अन्न गोड लागत नसे त्या साहेबरावांनीच तो नियम सर्वांत काटेकोरपणे पाळला होता. सून समोर बसली की ते नळाच्या वेळेवर बोलत, वर्तमानपत्रातल्या अशुद्ध मथळ्यांवर बोलत, मुलाच्या मोटरसायकलच्या आवाजावर बोलत. पण आपल्या टेबलावर जो कागदांचा गठ्ठा होता त्याच्याविषयी अवाक्षर काढत नसत. लक्ष्मीबाईंना नवऱ्याचा हा संयम अघटित वाटे. "इतक्या वर्षांत मला जमलं नाही ते सुनेनं केलं," त्या शेजारणीला सांगत. "एक कागद दिला अन् गप बसवलं."

प्रकरण असे होते. सून मेघना बारामतीच्या एका अध्यापक महाविद्यालयात शिकवत होती आणि शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत होती. खेड्यापाड्यांतील मुले अडली तरी वर्गात प्रश्न का विचारत नाहीत, हा तिचा विषय. प्रबंधाचे दुसरे प्रकरण म्हणजे या विषयावर आजवर झालेल्या संशोधनाचा धांडोळा. पूर्वी हे काम अभ्यासक एकटाच करी. जे हाती लागले आणि मनाला पटले ते लिहून मोकळा होई. आता शास्त्राला एकट्याच्या डोळ्यांचा भरवसा उरलेला नाही. सापडलेल्या प्रत्येक शोधनिबंधाचा सारांश दोन माणसांनी वेगवेगळा वाचावा. आधी आखलेल्या निकषांवर तो आढाव्यात घ्यायचा की नाही हे एकमेकांशी न बोलता ठरवावे. आणि मग दोघांचे निर्णय शेजारी ठेवून त्यांत किती मेळ आहे ते गणिताने काढावे, अशी रीत पडली आहे. मेळ असेल तर निवड भरवशाची. नसेल तर दोघांपैकी कोणाला तरी निकष समजलेले नाहीत असे धरायचे.

मेघनाचा दुसरा वाचक व्हायचे तिचे सहकारी अविराज सरांनी कबूल केले होते. पण ऐनवेळी त्यांच्या गळ्यात परीक्षा केंद्राचे काम पडले. मराठी आणि इंग्रजी दोन्ही नीट वाचणारा, हाती वेळ असलेला आणि कोणाची भीड न बाळगणारा माणूस कुठे मिळणार, असे ती जेवताना म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याने, रविंद्रने, घास न थांबवता वडिलांकडे बोट केले.

साहेबराव बावड्याला मुख्याध्यापक होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला लोक येत, नातवंडांची नावे ठेवायला येत. पण हे वाचा आणि तुमचा निर्णय सांगा, असे कोणी म्हणाले नव्हते. त्यांनी होकार दिला, आणि लगेच हरकत घेतली.

"आधी शीर्षक. 'संबंधित साहित्याचा आढावा.' याला साहित्य म्हणतेस?"

"सगळे तसंच म्हणतात, आबा."

"सगळे म्हणतात हे कारण झाले, समर्थन नव्हे. हा सारांश पाहा. 'असे आढळून आले.' कोणाला आढळले? पुढे, 'असे दिसून येते.' कोणाला दिसते? ज्या लेखनातून कर्ताच पसार झाला आहे, त्याला साहित्य कसे म्हणायचे?"

"साहित्य काय काय लागतंय ते एकदाच सांगा," स्वयंपाकघरातून लक्ष्मीबाई म्हणाल्या. "रविंद्र येताना घेऊन येईल."

मग मेघनाने कार्यपद्धतीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. निकष चार होते: निबंध शाळकरी मुलांविषयी असावा, प्रत्यक्ष वर्गात केलेला असावा, केवळ मतप्रदर्शन नसावे, आणि मुलांचे स्वतःचे बोलणे त्यात नोंदलेले असावे. या चारही निकषांवर साहेबरावांनी संतोष व्यक्त केला. अडले ते निर्णयाच्या शब्दांपाशी. महाविद्यालयात सर्व जण 'इन' आणि 'आउट' म्हणत. तिने तेच लिहिले होते.

"मी काय क्रिकेटचा पंच आहे?"

"मग 'समाविष्ट' आणि 'असमाविष्ट'?"

"एका 'अ'वर सगळा भार टाकतेस? छापताना तो पुसट झाला तर बाहेरचा निबंध घरात येऊन बसेल. दोन विरुद्ध आज्ञा दिसायलाही विरुद्ध असाव्यात."

"बरं. 'निवडा' आणि 'टाका'."

"निवडा म्हणजे उमेदवार निवडतात तसे की तांदूळ निवडतात तसे? एकात निवडलेला आत जातो, दुसऱ्यात निवडलेला खडा बाहेर जातो. आणि टाका? मतसुद्धा पेटीत टाकतातच. शास्त्राच्या कागदावर असले दुतोंडी शब्द चालायचे नाहीत."

मेघनाला दुसऱ्या दिवशी सकाळी तास होता. तिने जांभई दाबली. "आबा, मग साधं सरळ लिहू. काही 'बाजूला काढा', बाकीचे 'राहू द्या'. चालेल?"

साहेबरावांनी दोन्ही शब्द तोंडात घोळवून पाहिले. संस्कृतचा आव नाही, इंग्रजीची उसनवारी नाही. बोलीतले असूनही भारदस्त. "हे मराठी," ते म्हणाले. "यात कोणाला शंका येणार नाही." मग ठरले की बाजूला काढलेल्याच्या कोपऱ्यात 'बा' लिहायचे, राहू दिलेल्याच्या कोपऱ्यात 'रा'.

त्यानंतरचे दिवस साहेबरावांच्या निवृत्तीतले सर्वांत भरलेले दिवस होते. सकाळी फिरून आले की ते टेबलापाशी बसत, प्रत्येक सारांश दोनदा वाचत, पहिल्या वाचनात भाषेला बोल लावत आणि दुसऱ्या वाचनात निकष लावत. पुष्कळसे लेखन त्यांना पेंढ्यासारखे वाटले. पण मधूनच एखादा निबंध असा येई की त्यांना आपल्या बावड्याच्या वर्गाची आठवण होई. एका संशोधिकेने डोंगराळ भागातल्या मुलींच्या शाळेत सबंध सत्रभर मागच्या बाकावर बसून, कोणती मुलगी केव्हा काय विचारते आणि कोणता प्रश्न ओठांवर येऊन परत जातो, हे टिपले होते. 'मी पाहिले', असे तिने लिहिले होते. 'असे आढळून आले' नव्हे. साहेबरावांनी त्या कागदाच्या कोपऱ्यात खूण केली, आणि कितीतरी वेळ तो हातातून खाली ठेवला नाही. त्याविषयी मेघनाशी बोलावे असे त्यांना फार वाटले. पण नियम नियम होता.

गठ्ठा संपला, त्यांनी तो दोरीने बांधून सुनेच्या हवाली केला, आणि संध्याकाळी ती संगणकावर त्यांच्या खुणा आपल्या खुणांशेजारी भरत बसली, तेव्हा ते मुद्दाम लांब, पायरीवर जाऊन बसले. निकालाच्या दिवशी मुख्याध्यापकाने फलकाजवळ घुटमळू नये, असा त्यांचा जुना दंडक होता.

मेघना खोलीतून बाहेर आली ती पाणी प्यायला. निकालाविषयी तिने काही सांगितले नाही. जेवतानाही नाही. ताट उचलताना मात्र म्हणाली, "आबा, फार कष्ट घेतलेत तुम्ही. आता थोडे दिवस आराम करा."

आराम हा शब्द साहेबरावांना खुपला. चांगले काम करणाऱ्याला दुसरे काम देतात, आराम देत नाहीत.

खरी गोष्ट त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळली, आणि तीही ऐकू नये तशी. मेघना गच्चीवर कपडे वाळत घालताना फोनवर बोलत होती; साहेबराव जिन्याखाली कुंड्यांना पाणी घालत होते.

"अविराज सर, मेळ शून्य आला असता तरी समजलं असतं. उणे आलाय. हो, उणे. आबांचं जवळजवळ प्रत्येक ठिकाणी उलटं आहे. निकष त्यांच्या लक्षातच आले नसावेत. नाही हो, त्यांना कसं सांगू? वय झालंय त्यांचं. परीक्षा संपल्यावर तुम्हीच पुन्हा वाचाल का?"

मेळाचे गणित साहेबरावांनी सुरुवातीलाच समजून घेतले होते. दोघांचे सारे निर्णय जुळले तर एक. दोघांनी नाणे उडवून निर्णय दिल्यासारखे असेल तर शून्य. शून्याच्याही खाली जाता येते हे त्यांनी विचारात घेतले नव्हते. झारीतले पाणी कुंडीबाहेर सांडून पायावर आले तेव्हा ते भानावर आले. उणे या शब्दाने त्यांना तेवढा धक्का बसला नव्हता. धक्का बसला तो उलटं या शब्दाने.

वरकुट्याला त्यांचे थोरले भाऊ दत्तोबा होते. पाण्याच्या पाळीवरून दोन घरांची डोकी फुटायची वेळ आली की गाव ज्यांना बोलवायला येई ते दत्तोबा. आता स्वतःच्या घराचे दार कोणते हे त्यांना दाखवावे लागे. हे दुखणे घराण्यात आहे की काय, हा प्रश्न साहेबरावांनी वर्षभर मनात येऊ दिला नव्हता. आता तो जिना उतरून त्यांच्यापुढे उभा राहिला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःची गुपचूप परीक्षा घेतली. समास सोडवले. विभक्तीचे प्रत्यय म्हटले. बावड्याच्या शेवटच्या वर्गाची हजेरी मनातल्या मनात घेतली. एकही विद्यार्थी गैरहजर निघाला नाही. पण या पुराव्याने त्यांचे समाधान झाले नाही. पाठ केलेले राहते, समजण्याची शक्ती आधी जाते, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. आणि आता आपण वाचलेले बरोबर समजलो होतो की उलटे, हीही त्यांना खात्री उरली नव्हती.

सकाळी ते इंदापूरच्या एसटीत बसले. घरी सांगितले, दादाला भेटून येतो.

वरकुट्याला दत्तोबा अंगणात लिंबाखाली खाटेवर होते. भावाला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "साहेबा. ऊन लई हाय रं. घोंगडं आन."

गोजरबाई, दत्तोबांच्या पत्नी, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. "अवचित येनं केलं, भावजी? समदं बरं हाय न्हवं?" साहेबराव भिंतीलगतच्या पोत्यावर टेकणार, तोच त्या म्हणाल्या, "तितं नका बसू. ती कनसं बाजूला काढल्यात. हितं बसा, सतरंजीवर."

साहेबराव सतरंजीवर बसले. थोड्या वेळाने, दत्तोबांचा डोळा लागला तेव्हा, त्यांनी विचारले, "वहिनी, दादाचे हे सुरू कसे झाले? अगदी आधी, पहिल्यांदा?"

"पयल्यांदा? पयल्यांदा उलटं कराय लागलं. मोटार चालू करा म्हनलं की बंद करायचं. च्या गोड हाय म्हनायचं अन् साकर मागायचं. आमी हसायचो. आमाला काय ठावं." त्यांनी पदराने तोंड पुसले. "तुमी का इचारताय?"

"सहज."

"सहज न्हाय. तुमी जन्मात कवा काय सहज इचारलंय?"

साहेबरावांना उत्तर सुचले नाही. आणि हेही त्यांनी आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणून मनात नोंदवले.

निघताना दत्तोबा जागे होते. त्यांनी भावाचा हात धरला. "जा," ते म्हणाले. "जा आता, जा." पण हात काही सोडला नाही. साहेबराव पुढची गाडी चुकवून तसेच बसून राहिले.

परतीच्या वाटेवर, उसाच्या ट्रॉल्यांमागून एसटी रखडत असताना, त्यांच्यातल्या शिक्षकाने डोके वर काढले. आपण कधी कोणा मुलाचे गुण चूक दाखवल्यावाचून कापले नाहीत. मग आपल्यालाच चूक न दाखवता आराम कसा काय दिला जातो? सुनेचे मन चांगले असेल. पद्धत चुकीची होती. आणि पद्धतीवर वाद घालायला अजून आपल्यात त्राण आहे, एवढ्या एका गोष्टीचा त्यांना त्या दिवशी आधार वाटला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रविंद्र मोबाइलमध्ये डोके घालून सोफ्यावर पडला होता, लक्ष्मीबाई भाजी निवडत होत्या. साहेबरावांनी कार्यपद्धतीचा कागद मेघनापुढे ठेवला.

"शेवटचा नियम वाच."

मेघनाने वाचला. "'जेथे दोन वाचकांचे निर्णय भिन्न असतील, तेथे दोघांनी एकत्र बसून चर्चा करावी.' आबा, आता त्याची काही गरज नाही. अविराज सर..."

"फोनवरचे मी ऐकले आहे. ऐकायला नको होते, पण ऐकले. उणे आले आहे ना?"

मेघनाचा चेहरा उतरला. रविंद्रने मोबाइल छातीवर ठेवला.

"दादाचेही उलट्यापासूनच सुरू झाले," साहेबराव म्हणाले.  "काल वहिनीला विचारून आलो. डॉक्टरकडे जायला माझी हरकत नाही. पण आधी मला माझी चूक दाखव. एकच दाखव. दाखवल्यावर मला ती कळली तर मी अजून शाबूत आहे. दाखवूनही कळली नाही, तर मग तुम्ही सगळे म्हणाल तसे."

"आबा, तुमची चूक तुम्हाला कळली तर या घरातली ती पहिलीच वेळ असेल," रविंद्र म्हणाला.

"तू गप रे," लक्ष्मीबाई म्हणाल्या. पण त्यांचा भाजीतला हात थांबला होता.

मेघना उठली, गठ्ठा घेऊन आली, दोरी सोडली. कोणता कागद काढावा म्हणजे आबांना कमी लागेल, असा विचार करत तिने बरेच चाळले, आणि शेवटी एक पुढे केला. "हा पाहा. डोंगरातल्या मुलींच्या शाळेचा."

कागद पाहताच साहेबराव ताठ बसले. सर्वांत आधी याच कागदावर आपली बुद्धी फसलेली निघावी, याचे त्यांना वाईट वाटले. मग रागही आला. "याच्यात माझी चूक? मेघना, अख्ख्या गठ्ठ्यात याच्याइतका चोख निबंध नाही. शाळकरी मुली आहेत. बाई सत्रभर वर्गात बसली आहे. मत नाही, निरीक्षण आहे. मुलींचे शब्द जसेच्या तसे दिले आहेत. चारही निकषांत बसतो. याला नाही म्हणणाऱ्याने एक कारण तरी सांगावे."

मेघना त्यांच्याकडे पाहत राहिली. "आबा, पण मी कुठं नाही म्हणतेय? माझंही हेच मत आहे. चारही निकषांत बसतो."

"मग मतभेद कुठे आहे?"

"तुम्ही तो बाजूला काढलाय."

"अर्थात. बाजूला काढणार नाही तर काय करणार?"

"मी राहू दिलाय."

"राहू दिलास?" साहेबरावांना खरोखर धक्का बसला. "इतका चांगला निबंध तू राहू दिलास?"

"चांगला आहे म्हणूनच राहू दिला."

"चांगला आहे म्हणून कोणी राहू देते का? चांगला आहे म्हणून तर बाजूला..."

वाक्य अर्धेच राहिले.  साहेबरावांच्या डोळ्यांपुढे वरकुट्याची भिंत आली, भिंतीलगतचे पोते आले, आणि त्या पोत्यावर बसू न देणारा गोजरबाईंचा आवाज आला.

"मेघना," ते हळूच म्हणाले, "बाजूला काढायचे म्हणजे काय करायचे?"

"म्हणजे आपल्याला नको ते वेगळं करायचं. आढाव्यातून बाहेर. आणि उरलेलं यादीत राहू द्यायचं."

"आमच्याकडे सुगीला ज्वारीच्या राशीतली भरलेली, टपोरी कणसे आधी बाजूला काढतात. ती बियाण्याची. त्यांना कोणी हात लावायचा नाही, त्यांच्यावर कोणी बसायचे नाही. बाकीची आहेत तशी राहू देतात." त्यांनी चष्मा काढला. "काल वहिनीने मला त्या पोत्यावर बसू दिले नाही. मी ऐकले आणि उठलो. एकदाही डोक्यात आले नाही."

मेघनाने तोंडावर हात घेतला. मग झरझर गठ्ठा उलगडू लागली. आबांचा 'बा', तिचा 'रा'. आबांचा 'रा', तिचा 'बा'. कागदामागून कागद, जोडीने, जणू एकाच हाताने लिहिल्यासारखे, फक्त आरशात.

"आणि राहू द्या म्हणजे नको," साहेबराव अजून युक्तिवाद पुरा करत होते, कारण अपुरा युक्तिवाद त्यांना सहन होत नसे. "कोणी पान पुढे केले, आपल्याला खायचे नसले, की आपण काय म्हणतो? राहू द्या."

"आणि घर बदलताना हे कपाट इथेच राहू द्या म्हणतो, तेव्हा ते हवं असतं," मेघना म्हणाली. तिने संगणक उघडला होता. आबांच्या रकान्यातला प्रत्येक 'बा' 'रा' झाला, प्रत्येक 'रा' 'बा' झाला. यंत्राला क्षणही लागला नाही. मग तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. तिथला आकडा एकाला जवळजवळ खेटून उभा होता.

साहेबरावांनी तो आकडा चष्म्याशिवाय पाहिला आणि मग चष्मा लावून पाहिला.

"मलाच लाज वाटायला पाहिजे," मेघना म्हणाली. "उणे आलं तेव्हाच कळायला हवं होतं, आबा. ज्याला काही समजत नाही त्याचं निम्मंशिम्मं तरी चुकून बरोबर येतं. प्रत्येक ठिकाणी नेमकं उलटं यायचं तर त्याला पक्की बुद्धी लागते. आणि मी तुम्हाला आराम करा म्हणाले."

"म्हणजे यांचं डोकं ठीक हाय?" लक्ष्मीबाईंनी विचारले. नीट उत्तर हवे असले की त्या अशाच एकदम माहेरच्या बोलीत उतरत.

"ठीक आहे, आई. माझ्यापेक्षा ठीक."

"व्हय, ते असंल," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि पुन्हा भाजीकडे वळल्या. पण साहेबरावांनी पाहिले की त्या निवडलेली पाने देठांत टाकत होत्या आणि देठ पानांत.

 दोन दिवस साहेबरावांच्या छातीवर ठेवलेला धोंडा कोणीतरी अलगद उचलला होता, आणि इतक्या मोकळ्या छातीचे काय करावे हे त्यांना उमगत नव्हते. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. तो कुठेही न अडकता आत गेला. खिडकीबाहेर कोणाची तरी मोटरसायकल कर्कश गेली आणि तिचा आवाजही त्यांना त्या क्षणी वाईट वाटला नाही.

"एक विचारू?" थोड्या वेळाने ते म्हणाले. आवाजात जुना कस परतला होता. "सरळ 'घ्या' आणि 'वगळा' असे का नाही लिहिलेस? वगळा हा शब्द निःसंदिग्ध आहे."

"तुम्ही 'निवडा' आणि 'टाका' यांवरच इतका वेळ घेतलात. वगळापर्यंत पोचू कुठं दिलंत?"

रविंद्र इतका हसला की मोबाइल जमिनीवर पडला. साहेबरावांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. मेघनाने अविराज सरांना फोन लावला, पुन्हा वाचण्याची गरज नाही असे सांगितले, आणि का नाही हे सांगताना तिला दोनदा थांबून हसू आवरावे लागले. मग दोघे उरलेल्या कागदांकडे वळले. खुणा सुलट्या झाल्यावरही मूठभर ठिकाणी खरा मतभेद शिल्लक होता, आणि त्यावर सासरे-सून दुपारपर्यंत भांडले. एका ठिकाणी साहेबरावांचे निघाले: ज्या निबंधाला मेघनाने वर्गातला मानले होते तो प्रत्यक्षात वसतिगृहातला होता. दोन ठिकाणी त्यांना माघार घ्यावी लागली, आणि माघार घेताना त्यांना इतका आनंद झाला की मेघनाने शंका येऊन त्यांच्याकडे पाहिले. पण आपली चूक दाखवली गेली आणि आपल्याला ती कळली, हीच त्यांनी सकाळी स्वतःपुरती ठरवलेली कसोटी होती, आणि ते आज एकदा नव्हे, दोनदा उतरले होते.

"हे प्रकरणात लिहावं लागेल," मेघना म्हणाली. "खुणांचा घोळ झाला होता, तो असा दुरुस्त केला, असं. लपवून चालणार नाही." तिने कळफलकावर बोटे ठेवली. "'खुणांच्या अर्थाबाबत वाचकांमध्ये भिन्नता असल्याचे आढळून आले...'"

"कोणाला आढळून आले?"

मेघनाची बोटे थांबली.

"लिही," साहेबराव म्हणाले. "'आम्ही दोघांनी एकाच शब्दाचे दोन विरुद्ध अर्थ घेतले. चर्चेत आमच्या ते लक्षात आले.' आमच्या. कर्त्याला पळू देऊ नकोस."

तिने तसेच लिहिले. मार्गदर्शिका प्राची मॅडम ते ठेवतील की नाही, याची तिला शंका होती. पण ते आज बोलायचे कारण नव्हते.

जेवणे उशिरा झाली. साहेबराव बाहेर पायरीवर येऊन बसले. पलीकडच्या शेतात कोणाची तरी राखण चालली होती, पाखरे उठत होती आणि पुन्हा बसत होती. त्यांना दत्तोबांचा हात आठवला. तोंड जा म्हणत होते आणि हात सोडत नव्हता. काल त्यांना वाटले होते की तेही उलटेच. आता वाटले, तोंडाचे चुकले होते, हाताचे नाही.

मागे लक्ष्मीबाई दारात येऊन उभ्या होत्या.

"पुढच्या रविवारी वरकुट्याला जाऊ," साहेबराव म्हणाले. "दोघेही. दिवसभर राहू."

"जाऊ की. च्या टाकू का?"

"राहू..." ते म्हणाले आणि थबकले. मग त्यांनी शब्द निवडून, स्पष्ट उच्चारून सांगितले, "चहा हवा आहे. एक कप. कर."

"एवढं फोड करून कशाला सांगताय?" लक्ष्मीबाई म्हणाल्या. "तुमचं कोणतं राहू दे म्हणजे नको, अन् कोणतं राहू दे म्हणजे टाक, हे मला लग्नापासून कळतंय. आधण केव्हाच ठेवलंय."

आणि त्या आत गेल्या. साहेबरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडले होते. पण पहिल्यांदाच त्यांना हरकत सापडली नाही, तेव्हा ते चहाची वाट पाहत बसून राहिले.